पत्ते येतात, पण क्रिब येत नाही

पत्र: ताई, नमस्कार. माझं वय ६७. एस.टी.त वाहक होतो, कोकणातल्या एका आगारातून निवृत्त झालो. गेल्या वर्षापासून आम्ही दोघं मुलाकडे कॅनडात, नोव्हा स्कोशियातल्या एका लहानशा गावात राहतो. मुलगा-सून कामावर, नातू शाळेत. हिने विणकाम करणाऱ्या बायकांचा घोळका गाठला आहे, आठवड्यातून दोनदा तिकडे असते. मी खिडकीत. शेजारी ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ एकटेच राहतात, पूर्वी लॉबस्टरच्या बोटीवर होते. भोकं पाडलेली एक लाकडी फळी आणि पत्त्यांचा जोड घेऊन ते दोनदा दारात आले. 'क्रिब' खेळायला या, म्हणाले. बुधवारी दुपारी लीजनच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या संघटनेच्या, हॉलमध्येही खेळतात म्हणे. दोन्ही वेळा मी कामाचं निमित्त सांगितलं. माझं इंग्रजी कामापुरतं. खेळात पैसे लावतात असं ऐकलंय, आणि लीजनमध्ये बार आहे म्हणून सूनबाई नाराज. यूट्यूबवर खेळ पाहिला, काही कळलं नाही. मुक्कामी गाडीवर असताना मेंढीकोटात माझ्यावर कधी कोट चढला नाही. आता या वयात परक्या माणसासमोर भोपळा घेऊन बसू? आणि दोन माणसांनी समोरासमोर बसून आकडे बोलायचे, यात एवढा आनंद तो काय? ता.क. नातू ९ वर्षांचा आहे, त्याला त्या फळीचं भारी आकर्षण. त्याला न्यावं का? — एक रिकामटेकडा

उत्तर:

काका, तुम्ही इंग्रजी, पैसे आणि बार अशा तीन शंका मांडल्या आहेत. तिघींची सोय लावता येईल. पण खरी गोम मेंढीकोटाच्या वाक्यात आहे. ज्या माणसाने वर्षानुवर्षं मुक्कामाच्या गावी कंदिलाखाली भल्याभल्यांना रडवलं, त्याला ऐंशीच्या म्हाताऱ्याकडून 'हे पान असं टाकायचं' असं शिकून घ्यायचं जिवावर आलंय. यात लाजण्यासारखं काही नाही. पत्ते चांगले येणाऱ्या सगळ्यांचं असंच होतं. ज्यांना काहीच येत नाही ते बिनधास्त जाऊन बसतात. तुम्ही मात्र यूट्यूबवर खेळ बघून आधी गुपचूप तयारी करू पाहिलीत, म्हणजे जाण्याची इच्छा आहे. ती असल्याशिवाय कुणी मला एवढं मोठं पत्र लिहीत नाही.

यूट्यूबवर कळलं नाही यात नवल नाही. क्रिबेज (हे खेळाचं पूर्ण नाव, लाडाने 'क्रिब') बघून कळत नाही, कारण बघणाऱ्याला त्यात हुकूम शोधायची सवय असते आणि इथे हुकूमच नाही. हातही करायचे नसतात. दोघं खेळत असतील तर प्रत्येकाला सहा पानं. त्यातली दोन-दोन दोघांनीही उपडी बाजूला टाकायची. ही जमलेली चार पानं म्हणजे 'क्रिब', आणि ती ज्याने वाटली त्याची. वाटायची पाळी आलटून पालटून येते. मग दुसऱ्याने जोड कापायचा आणि वरचं एक पान उघडं ठेवायचं. ते दोघांच्याही हिशेबात धरतात. हातात राहिलेली चार-चार पानं आता एकेक करून टाकायची, टाकताना बेरीज मोठ्याने म्हणायची, आणि ३१ च्या वर जायचं नाही. राजा-राणी-गुलाम दहाचे, एक्का एकाचा. तुमच्या पानाने बेरीज पंधरा झाली तर दोन गुण, एकतीस झाली तरी दोन, आधीच्या पानाशी जोडी लागली तर दोन. पानं संपली की ती परत उचलायची आणि आपली चार अधिक ते उघडं एक अशा पाच पानांत मोजदाद करायची. पंधराच्या जेवढ्या बेरजा निघतील तेवढ्या वेळा दोन-दोन, जोडीचे दोन, सलग ओळ लागली तर पानागणिक एक. मिळाले तेवढे गुण फळीवरची खुंटी पुढे सरकवून मांडायचे. १२१ व्या भोकात आधी पोहोचेल तो जिंकला. बारीकसारीक नियम आणखी आहेत, पण ते शेजारच्या आजोबांसाठी ठेवते. त्यांना सांगायला काहीतरी उरू दे.

एक हात मोजून दाखवते. समजा तुमच्याकडे सत्ती, दोन अठ्ठ्या आणि नव्वी आहे, वर उघडली राणी. सत्ती आणि एक अठ्ठी पंधरा, दोन. सत्ती आणि दुसरी अठ्ठी पंधरा, चार. सात-आठ-नऊची ओळ दोन्ही अठ्ठ्यांनी दोनदा लागते, म्हणजे सहा. अठ्ठ्यांच्या जोडीचे दोन. एकूण बारा. राणीचा उपयोग शून्य. ज्या माणसाने भरल्या गाडीत, एका हाताने दांडी धरून, पाच फुल तीन हाफचा हिशेब करून सुटे परत दिले त्याला हे जड जाईल? पहिल्या दुपारी तुमच्या नजरेतून दोन-चार गुण निसटतील. दुसऱ्या आठवड्यात आजोबांच्या आधी तुमच्याच तोंडून आकडा बाहेर पडेल.

आता तुमच्या इंग्रजीकडे येते. वर जो हिशेब केला तो तिथे असा म्हणतात: 'फिफ्टीन टू, फिफ्टीन फोर, अँड एट इज ट्वेल्व्ह.' पान टाकताना म्हणायचे ते नुसते आकडे. ३१ च्या आत बसणारं पान हातात नसलं तर 'गो'. एवढ्या भाषेवर तास-दीड तास आरामात निघतो. नवख्या गावात, अर्ध्यामुर्ध्या भाषेत, दोन अनोळखी म्हाताऱ्यांनी समोरासमोर बसून 'हवा काय म्हणते'च्या पुढे जायचं हे फार अवघड काम आहे. क्रिबेजमध्ये बोलायचं काय हे खेळच ठरवून देतो. गप्प बसलात तरी ती शांतता अंगावर येत नाही, कारण दोघंही मोजताहेत. आणि मध्येच एखादं वाक्य निघालं, आज धुकं फार आहे, गुडघा दुखतोय, मुलाचा फोन आला नाही, तर ते टेबलावर ठेवून पुढचं पान टाकता येतं. उत्तर दिलंच पाहिजे असं नाही. दोन माणसांनी आकडे बोलण्यात आनंद काय, असं तुम्ही विचारलंत त्याचं माझं उत्तर एवढंच आहे. मुक्कामी गाडीवर तुमच्या ड्रायव्हरशी तुमची मैत्री कशी झाली ते आठवा. एकमेकांना 'तुमच्याबद्दल सांगा' असं तुम्ही कधी म्हणाला होतात?

मेंढीकोटापेक्षा यात एक सुख जास्त आहे. भिडू नाही. त्यामुळे 'अरे, उतारी काय केलीस ही!' म्हणून डाव संपल्यावर होणारी खडाजंगी नाही. चूक झाली तर आपली, आणि ती पुढच्या वाटपात विसरली जाते. (चौघांत खेळतात तेव्हा मात्र समोरासमोरचे भिडू असतात आणि खडाजंगीही असते, असं ऐकून तुमचा जीव सुखावेल. लीजनमध्ये बहुधा तसंच बसतात.)

शिवाय पानं अशी बेभरवशाची पडतात की नवखा माणूसही जिंकतो. बुद्धिबळात तुमच्यासमोर पट्टीचा खेळाडू बसला तर तुम्ही दहातले दहा डाव हराल आणि अकराव्याला जाणार नाही. क्रिबेजमध्ये कसब लागतं, वर्षानुवर्षं खेळणारा शेवटी पुढे राहतो, पण एखाद्या दुपारी कुणाचंही काहीही होऊ शकतं. म्हणून या खेळात आजोबा आणि नातू, कप्तान आणि खलाशी, पन्नास वर्षं खेळलेला कोळी आणि कालपर्यंत फळी न पाहिलेला वाहक एका टेबलावर बसू शकतात. जास्तीत जास्त २९ गुणांचा हात पडतो. त्यासाठी तीन पंज्या आणि गुलाम हातात हवेत आणि कापल्यावर गुलामाच्याच रंगाची चौथी पंजी वर यायला हवी. दोघांच्या खेळात ही शक्यता २,१६,५८० त एक. माणसं आयुष्यभर खेळतात आणि तो हात त्यांना पडत नाही. ज्याला पडतो तो मात्र जन्मभर सांगत सुटतो.

सर्वांत नावाजलेला असा हात समुद्राखाली पडला. १९४३ मध्ये 'वाहू' या अमेरिकन पाणबुडीवर रिचर्ड ओ'केन हा अधिकारी आपला कप्तान डडली मॉर्टन याच्याशी खेळत होता, तेव्हा. बोटीवरच्या लोकांनी तो शुभशकुन मानला. ओ'केनची म्हणून ओळखली जाणारी फळी अमेरिकेच्या पॅसिफिक ताफ्यातल्या सर्वांत जुन्या कार्यरत पाणबुडीवर ठेवायची प्रथा आहे; ती बोट निवृत्त झाली की फळी पुढच्या बोटीवर जाते. पाणबुडीत हा खेळ का रुजला असेल ते तुम्हाला सांगायला नको. जागा एवढीशी, तीच ती माणसं, आठवडेच्या आठवडे दुसरीकडे जायची सोय नाही. नोव्हा स्कोशियातल्या जानेवारीची कल्पना येते.

पैशांची तुमची शंका अगदी निराधार नाही, हे कबूल करते. या खेळाचा जनक म्हणून सतराव्या शतकातल्या सर जॉन सकलिंग या इंग्रज कवीचं नाव घेतात. 'नॉडी' नावाच्या जुन्या खेळावरून त्याने तो बेतला. जॉन ऑब्री या त्याच शतकातल्या चरित्रकाराने लिहून ठेवलंय की सकलिंगने खुणा केलेले पत्ते देशभरच्या जुगाराच्या अड्ड्यांवर पाठवले आणि त्यातून वीस हजार पौंड कमावले. म्हणजे पूर्वज अट्टल होता. पण वंशज निवळत गेले. इंग्लंडमध्ये १९६८ च्या जुगारविषयक कायद्यात पबमध्ये खेळायला ज्या खेळांना नाव घेऊन मुभा दिली ते दोन, डॉमिनोज आणि क्रिबेज. इतर पत्त्यांच्या खेळांवर डोळे वटारणाऱ्या सरकारलाही हा म्हाताऱ्यांचा खेळ निरुपद्रवी वाटला. तुमच्या हॉलमध्ये काय पद्धत आहे ते आजोबांना सरळ विचारा. बहुधा प्रवेशाचे थोडे पैसे असतील आणि जिंकणाऱ्याला त्यातून काहीतरी बक्षीस. तेही नको असेल तर घरच्या टेबलावर बिनपैशांचं खेळा. फळीवरून खुंटी सरकवण्यात जी ईर्षा आहे तिला नाण्यांचा टेकू लागत नाही.

बारचं म्हणाल तर सूनबाईंची काळजी मी समजू शकते. पण लीजन म्हणजे दारूचा गुत्ता नव्हे. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९२५ मध्ये विनिपेगला ही संघटना उभी केली. गावोगाव तिच्या शाखा आहेत, आणि क्रिबेजच्या तर तिच्या देशपातळीवरच्या स्पर्धा होतात. बार असतो, पण ग्लासात काय आहे ते कुणी वाकून बघत नाही. जिंजर एल मागवा, आल्याचं बिनदारूचं पेय असतं. एखाद्या बुधवारी सूनबाईंनाच म्हणा, मला सोडायला ये आणि दहा मिनिटं थांब. तिथली सत्तरीची मंडळी चष्मे सावरत पंधराच्या बेरजा करताना एकदा दिसली की विषय मिटेल. पण जायचं की नाही हे तुम्ही ठरवा. ६७ व्या वर्षी परवानगीचा अर्ज करायची गरज नाही. एक मात्र लक्षात ठेवा: लीजनच्या हॉलमध्ये शिरताना डोक्यावरचं काढायची रीत आहे, युद्धात गेलेल्यांच्या मानासाठी. धार्मिक पगडी वेगळी, पण तुमची माकडटोपी त्यात बसणार नाही. दारातच काढून खिशात घाला, नाहीतर अख्ख्या हॉलला एकेक पेला पाजायला लावायची त्यांची जुनी गंमत आहे.

तरीही पहिल्यांदा लीजनला जाऊ नका. पहिल्यांदा आजोबांच्या स्वयंपाकघरात जा. आणि ते तिसऱ्यांदा येतील याची वाट बघू नका. तुम्ही फक्त तुमचा संकोच बघताय, म्हणून जरा त्यांच्या बाजूने सांगते. ऐंशीच्या घरातला माणूस फळी काखेत मारून शेजाऱ्याच्या पायऱ्या चढतो, नाही ऐकून परत जातो, आणि तरी पुन्हा येतो. क्रिबेज एकट्याने खेळता येत नाही. त्यांच्या टेबलावर पूर्वी समोर कुणीतरी बसत असणार. ते तुमची कीव करायला आले नव्हते, त्यांना गडी हवाय. दोनदा दारात येऊन गेलेल्या माणसाकडे आता आपण जायचं, हे कोकणातल्या माणसाला मी सांगायला हवं का? मागे निमित्त सांगितलंत त्याची सारवासारव करत बसू नका. दार वाजवा, हाताने पत्ते पिसल्याची खूण करा आणि 'क्रिब?' म्हणा. हवं तर डब्यात काहीतरी न्या. पण चिवडा नको, पानांना तेल लागतं आणि पत्तेबाज माणूस ते माफ करत नाही.

तिथे बसल्यावरचे दोन-तीन रिवाज सांगते, कारण गुण चुकले तर चालतं, रिवाज चुकले की लोक कपाळाला आठ्या घालतात. हात मोजताना पानं टेबलावर उघडी ठेवून मोठ्याने मोजा, मनात नको. दुसऱ्याच्या खुंटीला हात लावू नका, चुकीच्या भोकात गेली असेल तर बोटाने दाखवा. दोघांच्याही दोन-दोन खुंट्या असतात, मागची उचलून पुढच्याच्या पुढे लावायची, म्हणजे किती सरकलात ते समोरच्याला तपासता येतं. पाच पानांत एकही गुण निघाला नाही तर चेहरा पाडून 'शून्य' म्हणू नका. 'नाइन्टीन' म्हणा. कोणत्याही हाताचे एकोणीस गुण होऊच शकत नाहीत, म्हणून एकोणीस म्हणजे भोपळा, हा त्यांच्यातला जुना विनोद आहे. एका नवख्या देशी माणसाने पहिल्याच दिवशी तो केला की आजोबा खुर्चीवरून पडतील. तुम्हाला भोपळ्याची एवढी धास्ती होती ना? या खेळात भोपळ्यालाही हसून साजरा करायची सोय आहे.

आणि एक नाजूक गोष्ट. 'मगिन्स' नावाचा नियम आहे: समोरच्याच्या मोजण्यात जे गुण निसटतील ते आपण पटकन म्हणून आपल्या खात्यावर घ्यायचे. तो पाळायचा की नाही हे खेळणारे आधी ठरवतात. तुमचा हिशेब पक्का आहे. महिनाभरात अशी वेळ येईल की आजोबांच्या नजरेतून एखादी पंधरा सुटेल आणि तुम्हाला ती दिसेल. मेंढीकोटातला तुम्ही झडप घालायला उसळेल. तेव्हा माझा सल्ला असा की आधी त्यांना विचारा. काही जुने खेळाडू मगिन्सशिवाय खेळायला कमीपणा मानतात, त्यांना दया दाखवलेली आवडत नाही. अशांचे गुण खुशाल घ्या, त्यातच त्यांचा मान आहे. ते नको म्हणाले तर सुटलेली पंधरा बोटाने दाखवा आणि त्यांची खुंटी त्यांना सरकवू द्या. काय करायचं ते स्वतःच्या मनाने ठरवू नका, एवढंच.

खेळाविषयीही दोन सूचना देते, नाहीतर म्हणाल ताईंनी नुसत्या गोड गोष्टी सांगितल्या. क्रिब समोरच्याची असेल तेव्हा तिच्यात पंजी कधीही टाकू नका. ५२ पानांत दहाची किंमत असलेली १६ पानं आहेत, पंजीला कुठूनही पंधरा लागते. आणि पहिलं पान टाकायची पाळी तुमची असेल तर पंजीची उतारी नको. चौकी असेल तर ती टाका, एका पानात तिची पंधरा करता येत नाही. यापुढचं डोकं तुमचं तुम्हीच चालवाल. कुठलं पान ठेवायचं आणि कुठलं सोडायचं याच्यावर आजोबांचं एक मत असेल, तुमचं लवकरच दुसरं होईल. मग त्या विषयावर तुम्ही दोघं तुटक्या इंग्रजीत भांडाल, आणि घरी येऊन हिला ते भांडण मराठीत सविस्तर सांगाल. मला वाटतं, तिलाही त्याचीच वाट असेल. विणकामाच्या घोळक्यातल्या कथा आजवर तिने एकटीनेच सांगितल्यात.

रोज जाऊ नका. आठवड्यातले एक-दोन वार ठरवून घ्या. एक डाव वीस-पंचवीस मिनिटांत संपतो, तीन डाव झाले की उठा, 'आणखी एक' असं आजोबाच म्हणत असतील तेव्हाच. कधी अख्खी दुपार आकड्यांपलीकडे एक शब्द निघणार नाही. त्याचा अर्थ काही बिनसलंय असा घेऊ नका. बोटीवर आयुष्य काढलेली माणसं कमी बोलतात. चार-सहा आठवड्यांनी त्यांनी होऊन लीजनचं पुन्हा विचारलं की मग बुधवारी जा. तिथे त्यांच्यासमोर भिडू म्हणून बसा. आणि पुढे कधीतरी त्यांना पाच-तीन-दोन शिकवा. तिसरा गडी म्हणून हिला बसवा. हुकूम म्हणजे काय हे आजोबांना समजावताना तुमच्यातला मुक्कामी गाडीवरचा माणूस परत कामाला लागेल.

नातवाचं विचारलंत. जरूर न्या, पण पहिल्या एक-दोन वेळा एकटे जा. तो बरोबर असला की तुम्ही दुभाषा म्हणून त्याला पुढे कराल आणि स्वतः मागे बसाल, हे मी तुम्हाला न बघता सांगते. तुमचे तुम्ही 'फिफ्टीन टू' म्हणायला लागलात की मग त्याला घेऊन जा. तिघांत प्रत्येकाला पाच पानं वाटतात, प्रत्येकाने एकेक क्रिबमध्ये टाकायचं आणि जोडातलं एक पान उपडंच तिच्यात घालायचं. फळीवर तिसऱ्या रांगेची भोकं आहेत का ते आधी बघून ठेवा.